लाडकी बहीण: पडताळणीचा खर्च नेमका कोण भरतंय?

माणदेशी_झेरॉक्स (१२ नोव्हेंबर २०२५)

माण तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. १८ सप्टेंबरला लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तेव्हापासून मी शटर वर करायच्या आधीच पायरीवर दहा-बारा बायका येऊन बसलेल्या असतात. मुदत दोन महिन्यांची, म्हणजे आता सहा दिवस उरले.

ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाईचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग नवऱ्याचा, लग्न झालं नसेल तर वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी. आमच्याकडची निम्मी गडीमाणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परराज्यात. नवरा तिकडं कोईमतूरला भट्टीपुढं बसलेला, फोन खिशात. तो आकडा वाचून सांगेपर्यंत वेळ संपलेली असते. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एका बाईंपायी हा धागा काढतोय. वय पन्नासच्या आसपास. नवरा १९ वर्षांपूर्वी सोडून गेला, कुठं आहे माहीत नाही. वडील वारले. तीनदा माझ्या दुकानात येऊन गेल्या. दर खेपेला खुरपणीचा एक रोज बुडाला, ३०० रुपये. म्हणजे दीड हजारासाठी नऊशे आधीच गेले आणि काम झालंच नाही. योजनेच्या नियमात 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, पण त्या पानावर तिच्यासाठी रकानाच नाही.

सरकारचे किती पैसे वाचले ते पेपरात रोज येतं. तपासणीला किती लागले आणि कुणाच्या खिशातून गेले, हे कुणी मोजलंय का? मी स्वतः एका केवायसीचे ३० रुपये घेतो. वीज, नेट आणि कधीकधी एकेका बाईमागं दोन तास जातात म्हणून घेतो. ज्यांच्याकडं नसतात त्यांच्याकडून घेत नाही.

करदाता_चिंचवड

दादा, तुमचं काम चांगलं आहे, पण तपासणी हवीच. सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता आणि २०२५-२६ ला ३६ हजार कोटींची तरतूद आहे. १४ हजार २९८ पुरुषांनी बहिणींच्या नावाचे पैसे उचलले, हे सरकारनंच जुलैत सांगितलं. सरकारी नोकरीतल्या बायकाही निघाल्या. माझ्या पगारातून कर कापला जातो, मला राग येणारच.

मुळाकाठ

राग बरोबर आहे, पण हिशेब घालून बघू. १४,२९८ गुणिले दहा महिन्यांचे १५ हजार, म्हणजे साधारण २१ कोटी ४४ लाख. पेपरात आलेला आकडा तोच.

आता दुसरी बाजू. छाननीनंतर जूनचा हप्ता सुमारे २ कोटी २५ लाख बायकांना मिळाला, म्हणजे ई-केवायसी तितक्यांना करायची आहे. प्रत्येकीचे दुकानाचे आणि जाण्यायेण्याचे मिळून फक्त १०० रुपये धरले तर २२५ कोटी होतात. बुडालेला रोज मी धरलेलाच नाही. १०० हा आकडा माझा आहे, कुणाला जास्त वाटला तर ५० धरा. तरी ११२ कोटी. हा खर्च सरकारच्या कुठल्याच हिशेबात दिसणार नाही, कारण तो कमरेच्या चंचीतून गेला.

करदाता_चिंचवड

पुरुषांचाच आकडा का घेता? जूनपासून २६ लाख ३४ हजार नावं थांबवली. गुणिले १,५०० करा. महिन्याला ३९५ कोटी!

मुळाकाठ

आकडा मान्य. पण ती नावं ई-केवायसीतून सापडली नाहीत. केवायसी सुरू झाली सप्टेंबरात आणि ही नावं जूनपासून थांबली. वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून ती निघाली. त्यासाठी एकाही बाईला रोज बुडवून रांगेत उभं राहावं लागलं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

निवृत्त_लेखापरीक्षक

३४ वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

क्रम पाहा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा आणि त्याच दिवशी शासन निर्णय. अर्जाची मुदत आधी १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, शेवटी १५ ऑक्टोबर. १७ ऑगस्टला बालेवाडीत कार्यक्रम करून दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांत टाकायला सुरुवात. २० नोव्हेंबरला मतदान. इतक्या दिवसांत दोन कोटींवर अर्ज कोण तपासणार? हमीपत्रावर सही घेतली आणि मंजूर केले. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागणार नव्हता.

जानेवारी २०२५ पासून चाळणी लागली. फेब्रुवारीत पाच लाख नावं वगळली. त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी आणि १ लाख १० हजार पासष्टीपुढच्या. उरलेल्या चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेच्या लाभार्थी आणि स्वतःहून नाव मागे घेतलेल्या.

आता मला सांगा, निराधार योजनेची यादी कुणाकडे होती? सरकारकडेच. जन्मतारीख आधारवर होती. वयाची आणि दुबार लाभाची ही चूक अर्ज आला त्याच दिवशी संगणकाला दिसायला हवी होती. आम्ही लेखापरीक्षणात नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो, बिल पास करायच्या आधी तपासा, पैसे गेल्यावर फक्त पत्रव्यवहार उरतो. इथं घाई सरकारची होती आणि तिची भरपाई लाभार्थी आणि अंगणवाडी सेविका करताहेत.

सातपुड्याची_लेक

काका, सेविकांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. माझी आई धडगावकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात अर्ज भरायचं काम आलं तेव्हा अर्जामागे ५० रुपये ठरले. पाड्यावर रेंज नाही. आई आणि मदतनीस मावशी टेकडीवर जाऊन भर पावसात छत्रीखाली ॲप उघडून बसायच्या. रात्री एक-दोन वाजता सर्व्हर मोकळा मिळायचा, म्हणून रात्रीही जायच्या. ते पैसे आईला कित्येक महिने उशिरा मिळाले आणि पूर्ण मिळालेच नाहीत.

मग फेब्रुवारीत परिवहन खात्याच्या नोंदींवरून निघालेली यादी हातात आली. घरोघरी जाऊन कुणाकडे चारचाकी आहे ते बघून या. गावातली बाई गावातल्याच बाईच्या दारात उभी राहून विचारणार, 'तुमच्याकडे गाडी आहे का?' ज्यांची नावं गेली त्यांना वाटलं आईनंच कापली. एक बाई पोराला अंगणवाडीत पाठवायची बंद झाली. त्या पोराचं वजन कमी होतं, आई त्याच्या आहाराची वेगळी नोंद ठेवायची. मुळाकाठ, तुमच्या हिशेबात हे कुठं मांडणार?

मुळाकाठ

कुठंच मांडता येणार नाही. खरं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या गावात परवा एका लाडक्या भावजींना रात्री साडेअकराला बायकोचा फोन आला. भाऊंनी घाबरून विचारलं, 'काय झालं?' उत्तर आलं, 'काही नाही, ओटीपी सांगा.' लग्नाला बावीस वर्षं झाली, इतका रोज फोन कधी झाला नव्हता म्हणते वहिनी. 😄

सातपुड्याची_लेक

😂 आईला वाचून दाखवलं, खूप हसली.

यारा_काठचा_मराठी (मेलबर्न)

मी ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षं आहे. इथं जे घडलं ते या चर्चेत यायला हवं.

नोकरी सुटलेल्यांना, विद्यार्थ्यांना इथं दर पंधरवड्याला सरकारी भत्ता मिळतो. कुणी जास्त घेतलाय का, हे आधी माणसं तपासायची. ते महाग पडतं म्हणून २०१६ मध्ये ते काम संगणकावर सोपवलं. लोक त्याला 'रोबोडेट' म्हणायला लागले. पद्धत अशी: करखात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं आणि भत्त्याच्या नोंदीशी ताडायचं. एखादा पोरगा सुट्टीत तीन महिने राबला आणि उरलेले महिने भत्त्यावर शिकला, तर यंत्राच्या मते तो वर्षभर कमावत होता. की निघाली वसुलीची नोटीस. तुमची चूक नाही हे तुम्हीच सिद्ध करा, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा.

चार लाखांहून जास्त लोकांवर मिळून सुमारे १७६ कोटी डॉलरचं देणं असं बेकायदा चढवलं गेलं. २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला कबूल करावं लागलं की सरासरीवर काढलेलं हे देणं कायद्यात बसत नाही. वसूल केलेले पैसे परत करावे लागले, वर नुकसानभरपाई. रॉयल कमिशन (चौकशी आयोग) नेमलं गेलं, कॅथरीन होम्स यांनी ७ जुलै २०२३ ला अहवाल दिला. नोटिशीच्या धसक्यानं आयुष्य संपवलेल्या मुलांच्या आया त्या आयोगापुढं बोलल्या. याच सप्टेंबरात सरकारनं आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलर भरपाई मान्य केली. पैसे वाचवायला काढलेली योजना होती ही!

माझ्या शेजारच्या घरातल्या मुलीला अशी नोटीस आली होती. ती तेव्हा परिचारिकेचं शिक्षण घेत होती. तिनं घाबरून हप्ते बांधून घेतले आणि भरले. पुढं परत मिळाले, पण त्या दोन वर्षांत ती पोस्टाची पेटी उघडायला घाबरायची.

करदाता_चिंचवड

वाचून वाईट वाटलं. पण तुलना जरा ताणली जातेय. तिकडं मागचे पैसे वसूल केले. इथं पाच लाख नावं वगळली तेव्हा सरकारनं सांगितलं होतं की दिलेले पैसे परत घेणार नाही.

यारा_काठचा_मराठी

हा फरक मान्य करतो, आणि तो मोठा आहे. साम्य एकाच जागी आहे: यंत्रानं नाव काढलं की खरं-खोटं सिद्ध करायची जबाबदारी सगळ्यात गरिबावर येते.

कापूस_यवतमाळ

वसुली इथंही होते. पीएम किसानमध्ये २०२१ सालीच केंद्रानं संसदेत सांगितलं होतं की ४२ लाखांवर अपात्र लोकांकडे सुमारे २,९९२ कोटी गेले. त्यातले महाराष्ट्रातले साडेतीनशे कोटींच्या वर. बरेचसे आयकर भरणारे. नोटिसा निघाल्या, तलाठी वसुलीला फिरले. किती वसूल झाले? यंदापर्यंत देशभरात चारशे कोटींच्या थोडे वर.

माझ्या भावानं कर्जासाठी आयकराचं विवरण भरलं, कर शून्य. तरी त्याचा हप्ता थांबला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात सात महिने. शेवटी चालू झाला, पण मधल्या हप्त्यांचं काय ते कोणी सांगेना.

आकडेमोड_मुंबई

कामाच्या निमित्तानं कल्याणकारी योजनांवरचे अभ्यास वाचावे लागतात. झारखंडमधल्या रेशनवर कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली. दुकानात अंगठा लावून ओळख पटवणं सक्तीचं केल्यानं काय झालं? नुसत्या अंगठ्यानं गळती कमी झाली नाही. लाभार्थ्यांचा हेलपाट्यांचा खर्च थोडा वाढला. आणि ज्यांचं आधार आधीपासून जोडलेलं नव्हतं त्यांना मिळणारं धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटलं.

याचा अर्थ तपासणी सोडून द्या असा नाही. चोर पकडायला लावलेलं जाळं कुणाला अडकवतंय, ते आधी थोड्या गावांत लावून बघावं. दोन तालुक्यांत महिनाभर करून पाहिलं असतं, तर माणदेशी दादांच्या पायरीवरच्या बाईंचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कळला असता.

शिवणाची_सुई

मी इथं वर्षभर वाचते, लिहिलं कधी नाही. मी स्वतः लाभार्थी आहे. म्हणजे होते.

माझा जून महिन्यापासून हप्ता बंद. बँकेचा मेसेज आला नाही त्यावरूनच कळलं, कुणी काही सांगितलं नाही. तालुक्याला गेले तर म्हणाले, 'वरून बंद झालंय.' दुसऱ्यांदा गेले तेव्हा एका मुलानं माझं नाव टाकून बघितलं आणि म्हणाला, चारचाकी दाखवतेय. माझ्या मिस्टरांनी २०१९ मध्ये जुनी ओम्नी विकली होती. घेणाऱ्यानं कागद नावावर करून घेतले नाहीत. गाडी कुठं आहे, आहे का भंगारात गेली, आम्हाला ठाऊक नाही. ज्याला विकली तो माणूस गाव सोडून गेला.

वर कुणीतरी लिहिलं की याद्या ताडल्या म्हणजे बायकांना त्रास झाला नाही. मुळाकाठ दादा, मला झाला. माझे आतापर्यंत ४०० रुपये फक्त एसटीला गेले, तेही अर्ध्या तिकिटात.

दीड हजारात काय होतं असं लोक विचारतात. माझ्या पिको-फॉलच्या मशीनचा हप्ता ११०० होता. तो मी माझ्या नावावर घेतला होता, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावावर. उरलेल्या चारशेत सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. आता मशीनचा हप्ता मिस्टर भरतात, आणि भरतात म्हणून ऐकवतात.

मुळाकाठ

ताई, माझं वाक्य चुकीचं होतं. मागे घेतो. याद्या ताडण्याचा खर्चही शेवटी तुमच्यापर्यंतच आला.

करदाता_चिंचवड

ताई, मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते तुमच्यासारख्यांना उद्देशून नव्हतं. गाडीसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विक्रीची माहिती लेखी देता येते. माझ्या ओळखीतले एकजण ही कामं करतात, त्यांची माहिती तुम्हाला व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवली आहे. पैसे लागणार नाहीत.

निवृत्त_लेखापरीक्षक

शिवणाची_सुई यांनी जे लिहिलं त्यात सगळ्यात मोठा दोष 'कुणी काही सांगितलं नाही' हा आहे. साधं बिल नाकारलं तरी आम्हाला कारण लिहावं लागायचं: अमुक नियम, अमुक त्रुटी, अमुक दिवसांत पूर्तता करा. २६ लाख बायकांना पैसे जमा झाल्याचा मेसेज जात होता, म्हणजे मोबाइल क्रमांक हाताशी होते. त्याच क्रमांकावर थांबवल्याचं कारण एका ओळीत पाठवता आलं असतं.

आणखी एक. एका रेशनकार्डावर दोघी जावा असतील, चुली वेगळ्या असल्या तरी संगणकाला कुटुंब एकच दिसतं. एका कुटुंबातून एक विवाहित आणि एक अविवाहित हा नियम, त्यामुळे एका जावेचं नाव जातं. मग घरात भांडण. ज्यांचं असं झालं असेल त्यांनी रेशनकार्ड विभक्त करण्याचा अर्ज आत्ताच टाकावा.

संपादक_मंडळ

विषय संवेदनशील असूनही चर्चा छान चालू आहे. कृपया कुणीही आधार क्रमांक किंवा ओटीपीचे स्क्रीनशॉट इथं टाकू नयेत, एक प्रतिसाद त्यासाठी काढावा लागला. ई-केवायसीच्या नावानं बनावट संकेतस्थळं निघाली आहेत. सर्च करून मिळेल ती लिंक उघडू नका, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे याची खात्री करा.

सीनाकाठी

आमच्या माढ्यात सप्टेंबरात सीना घरात शिरली. रेशनकार्ड, आधार, पासबुक, सगळ्याचा लगदा झाला. मोबाइलही गेला, त्यातलं सिम गेलं. ओटीपी कुठं येणार? आधारला नवा नंबर जोडायला केंद्रावर गेलो तर ७५ रुपये आणि दोन दिवसांनी या. घरात चिखल काढायचा का रांगेत बसायचं? पूरग्रस्तांना मुदत वाढवून द्यायचं बोलले होते, पण बायकांच्या मनातली भीती काय मुदतीनं जात नाही.

मांडवीतीर (पणजी)

गोंयात गृह आधार आहे, २०१२ पासून. महिन्याला दीड हजार, नवरा-बायकोचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. इथंही पात्रता मध्येमध्ये तपासतात आणि अपात्र नावं निघतात. पण राज्य लहान, पंचायतीत सगळे एकमेकांना ओळखतात. नाव गेलं तर बाई थेट पंचायतीत जाऊन भांडते. माझी मावशी भांडून आली आणि तिचं चालू झालं. तुमच्याकडं बाईनं भांडायला जायचं कुठं, हे ठरलेलं आहे का?

सातपुड्याची_लेक

माझ्या आईच्या दारात. सध्या तरी तेच ठरलेलं आहे.

माणदेशी_झेरॉक्स (१८ नोव्हेंबर)

मुदत वाढली! ३१ डिसेंबरपर्यंत. आणि ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचं प्रमाणपत्र, न्यायालयाचा आदेश यांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. आज दुकानात विधवा बायकांचे चेहरे मोकळे झालेले बघितले.

सातपुड्याची_लेक, म्हणजे कागद पुन्हा तुमच्या आईकडंच आले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

सातपुड्याची_लेक

सांगितला. आई म्हणाली, पायरीवरच्या त्या बाईंचं काय झालं ते विचार.

माणदेशी_झेरॉक्स (२७ नोव्हेंबर)

उशिरा लिहितोय, रोज अकरा वाजतात.

त्यांच्याकडं मृत्यूचा दाखला नाही, कारण नवरा मेलाय का जिवंत आहे हेच माहीत नाही. घटस्फोटाचा कागद नाही, कारण कोर्टात कधी गेल्याच नाहीत. १९ वर्षांपूर्वी खुरपणी करून पोरं वाढवणाऱ्या बाईला कोण कोर्टात नेणार होतं? वडिलांचा मृत्यूचा दाखला मात्र निघाला, ग्रामपंचायतीत नोंद होती. मग मी त्यांना घेऊन ग्रामसेवकांकडं गेलो. भला माणूस निघाला. पती १९ वर्षांपासून सोबत राहत नाही, असं लिहून सही-शिक्का दिला. पोलीस पाटलांनीही लिहून दिलं. दोन्ही कागद आणि वडिलांचा दाखला घेऊन आम्ही सेविकाताईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, माझ्या यादीत परित्यक्तेसाठी वेगळा कागद सांगितलेला नाही, पण मी घेते, वर पाठवते, आणि पोच लिहून देते.

ती पोच बाईंनी पिशवीत पासबुकाच्या आत ठेवलीय. आज सातवा रोज बुडाला.

इथं कुणी परित्यक्ता बाईंचं काम पूर्ण करून घेतलं असेल, तर कुठला कागद चालला तेवढं लिहा. माझ्याकडं अशा अजून चौघी आहेत, आणि सोमवारी बाजार असल्यानं त्या सोमवारीच येणार.

शिवणाची_सुई

आमच्या गावात दोघी आहेत दादा. उद्या त्यांच्या सेविकेला विचारून इथंच लिहिते. आणि करदाता दादांनी सांगितलेल्या माणसानं माझा गाडीचा अर्ज भरून दिला, पैसे घेतले नाहीत. पोच मिळाली.